पुसलेली वाक्यं

उर्मिला मगदूमनं वाक्य लिहिलं, वाचलं आणि पुसून टाकलं.

पुसलेल्या वाक्याचा पुढे कुणाला काही उपयोग होईल, असं तेव्हा तिला वाटलं नाही. वाटण्याचं कारणही नव्हतं. एप्रिल चालू होता, कुरडयांचे गहू भिजून आंबले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सी इमारतीच्या गच्चीवर चीक घाटायचा होता. मैत्रबन सोसायटीत वाळवणाची रीत ठरलेली होती. आज एकीच्या घरचं, उद्या दुसरीच्या घरचं, आणि ज्यांना बोलावणं जाईल त्यांनी आपापला सोऱ्या घेऊन वर यायचं. सोसायटीच्या ग्रुपची ॲडमिन उर्मिला, म्हणून बोलावणीही तीच पाठवायची. समोरच्या ज्योत्स्ना करमरकरला लिहिताना तिची बोटं मनाच्या पुढे धावली : ‘संघमित्राला यंदा नकोच बोलवायला. दिवसभर गटारात हात असतात, त्याच हातांनी चीक घाटायचा.’

वाचल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. संघमित्रा आठ वर्षांपासूनची शेजारीण. उर्मिलाच्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा इंजेक्शन द्यायला तीच यायची. उर्मिलानं वाक्य शेवटापासून सुरुवातीपर्यंत पुसलं आणि लिहिलं : ‘उद्या सातला गच्चीवर. संघमित्रापण येतेय.’ पुढे एक हसरा चेहरा टाकला.

संघमित्रा तायडे मूळची अकोल्याकडची. तळमजल्यावर भाड्यानं राहायची, एकटी. महापालिकेच्या सांडपाणी प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. मागच्या साथीनंतर मोठ्या शहरांनी अशा प्रयोगशाळा उघडल्या होत्या. वस्तीवस्तीच्या ड्रेनेजमधून बाटलीभर पाणी आणायचं आणि त्यात कोणत्या रोगाचे जंतू आहेत ते पाहायचं, हे तिचं काम.

“पण तुला वास नाही का गं येत?” गच्चीवर ज्योत्स्नानं विचारलं.

“येतो ना. पण आज तुमच्या गव्हाचापण काही कमी येत नाही, ताई.”

बायका हसल्या. संघमित्रा सोऱ्या दाबत होती. तिच्या हातून कुरडई अशी पडायची की कुठे धागा तुटायचा नाही.

“आणि त्या घाणीतून तुम्हाला कळतं काय?” उर्मिलाची मुलगी केतकीनं विचारलं. तिचं नुकतंच लग्न झालं होतं आणि वाटीतला गरम चीक तेल घालून ती चाटत होती.

“सगळं कळतं. माणूस डॉक्टरकडे जातो आजारी पडल्यावर. जंतू त्याच्या पोटातून आधीच बाहेर पडायला लागलेले असतात. दवाखान्यात पहिला पेशंट यायच्या आधी आमच्या बाटलीत तो आलेला असतो. आणि माणसं लपवतात, गं. ड्रेनेजला लपवता येत नाही.”

“शी!” केतकी म्हणाली आणि चाटत राहिली.

काम संपल्यावर उर्मिलानं चहा आणला. सगळ्यांना कपातून, संघमित्राला स्टीलच्या पेल्यातून. हे कुणाच्या लक्षात येत नाही, असं उर्मिला धरून चालायची.

*

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला ‘ओसरी’वर ‘माझा आवाज’ आला.

‘ओसरी’ म्हणजे सोसायटीचा ग्रुप ज्यावर चालायचा ते ॲप. तोवर अशा ग्रुपांना माणसं कंटाळून गेली होती. पार्किंग, कुत्री, लिफ्ट, गणपतीची वर्गणी, कुणाच्या तरी मावशीचा वाढदिवस. न वाचावं तर आपल्याविरुद्ध काहीतरी ठरायचं, वाचावं तर दिवस जायचा. ‘माझा आवाज’नं हा त्रास संपवला. तो तुमच्या वतीनं ग्रुप वाचायचा, तुमच्या वतीनं उत्तरं द्यायचा आणि संध्याकाळी चार ओळींत सांगायचा, काय झालं आणि तुम्ही काय म्हणालात. तुमचं लिहिणं तो आधी शिकून घ्यायचा. तुम्ही ‘ओके’ म्हणता की ‘बरं’, चिडल्यावर वाक्यं लांब होतात की तुटक, सगळं. उर्मिलाला कुणाशीही वाद झाला की शेवटी ‘गैरसमज नसावा’ लिहायची सवय होती. तिचा आवाजही पहिल्या दिवसापासून ‘गैरसमज नसावा’ लिहू लागला.

“माझ्यापेक्षा माझा आवाज बरा बोलतो,” तिचे यजमान भालचंद्र जेवताना म्हणाले. “काल त्यानं पाटणकरांना लिफ्टवरून असं धुतलं! मला दहा वर्षांत जमलं नव्हतं.”

“अहो, पाटणकर चेअरमन आहेत. काय म्हणाले ते?”

“ते कुठे काय म्हणतायत? त्यांचाही आवाजच होता. सकाळी खाली भेटले तर म्हणाले, मगदूम, आपलं काहीतरी झालं वाटतं काल. आणि हसले. मीपण हसलो. चहा घेतला.”

महिन्याभरात मैत्रबनात सगळ्यांनीच आवाज चालू केले. ग्रुपवर चर्चा पूर्वीपेक्षा जोरात चालायची, आणि ती करायला तिथे कुणी नसायचं.

कुणी नव्हतं असंही नाही. संघमित्रानं आवाज घेतला नव्हता. “मला दोन वाक्यं लिहायला माणूस कशाला हवा?” ती म्हणाली होती.

*

फेब्रुवारीत केतकी बाळंतपणाला माहेरी आली. सातवा संपत आला होता. उर्मिलाचा दिवस मग तिच्यामागेच जाऊ लागला. डिंकाचे लाडू, पायांना तेल, डॉक्टरच्या तारखा. ग्रुप उघडायला तिला वेळही नव्हता आणि गरजही. संध्याकाळी फोन किणकिणायचा, चार ओळी यायच्या.

एका संध्याकाळी त्या अशा होत्या : ‘आज पाण्याच्या दर्जाविषयी चर्चा झाली. बहुसंख्यांचं मत : पाणी शुद्ध आहे. तुमचं मत बहुसंख्यांबरोबर आहे. काही खासगी निरोपांना तुमच्या वतीनं उत्तरं दिली.’

‘तुमचं मत बहुसंख्यांबरोबर आहे’ ही ओळ वाचली की बरं वाटायचं. उर्मिलानं फोन ठेवला आणि केतकीसाठी नळाखाली तांब्या धरला. मैत्रबनात लोक पाणी थेट नळाचंच प्यायचे. गेटजवळ सोसायटीचा स्वतःचा शुद्धीकरण प्लांट होता. तो आल्यापासून घरोघरची पाण्याची यंत्रं लोकांनी विकून टाकली होती.

दोन-तीन दिवसांनी भाजी घेऊन येताना तिला गेटपाशी संघमित्रा दिसली. हातात नमुन्यांची निळी पेटी होती. उर्मिलानं हाक मारली. संघमित्रा थांबली, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग मान खाली घालून ती पुढे गेली.

“हिला काय झालं गं?” उर्मिला घरी येऊन म्हणाली. “केतकी आलीय, पोटुशी आहे, एकदा डोकावली नाही. आता हाक मारली तर ओळखही दाखवत नाही.”

“कामात असेल, आई.”

“कामात कसली? शिष्ट झालीय.”

असं म्हणून तिनं केतकीला लिंबाचं सरबत करून दिलं.

*

मार्चमध्ये केतकीला मळमळायला लागलं. आठव्यात मळमळतं का, म्हणून उर्मिलानं आधी आलं-लिंबू दिलं. मग डोळे पिवळे दिसले. रुग्णालयात नेलं त्याच दुपारी केतकी असंबद्ध बोलायला लागली. नवऱ्याला, निनादला, तिनं दोनदा भाऊ म्हणून हाक मारली.

डॉक्टर तरुण होत्या. रिपोर्ट हातात घेऊन त्या बाहेर आल्या.

“कावीळ ई. एरवी हा आजार अंगावर काढला तरी बरा होतो. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत झाला तर यकृतच बंद पडायला लागतं. पाणी कुठलं पिता तुम्ही?”

“सोसायटीचं. शुद्ध असतं ते.”

“कुठली सोसायटी?”

“मैत्रबन.”

डॉक्टरांनी वर पाहिलं. “मैत्रबनला तर सूचना गेलेली आहे ना? तीन आठवडे होऊन गेले. आम्हाला महापालिकेकडून प्रत आली होती. पाणी उकळून प्या म्हणून. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

उर्मिला बाकावर बसली, चष्मा लावला, ग्रुप उघडला आणि मागे मागे जाऊ लागली. वाढदिवस. पार्किंग. होळीची वर्गणी. मग ते सापडलं.

संघमित्रानं लिहिलं होतं : ‘आपल्या सी इमारतीच्या ड्रेनेजच्या नमुन्यात कावीळ ईचा विषाणू सापडला आहे. म्हणजे इथे कुणाला तरी लागण झाली आहे. प्लांटपासून आपल्या टाकीकडे येणारी नळी ड्रेनेजच्या नळीला लागून जाते. ती फुटली असावी. प्लांटचं पाणी स्वच्छ असेल, पण नळातलं नसेल. खात्री होईपर्यंत खळखळून उकळूनच प्या. गरोदर बायकांना सर्वांत जास्त धोका आहे.’

त्याखाली पहिलं उत्तर होतं उर्मिला मगदूम यांचं.

‘संघमित्रा, तुझी तळमळ समजते. पण दिवसभर गटारात हात असले की घरचं पाणीही गटाराचंच वाटायला लागतं. त्याच हातांनी तू आमचा चीक घाटतेस, आम्ही कधी बोललो का? गैरसमज नसावा.’

उर्मिलानं ते दोनदा वाचलं. हे आपण लिहिलेलं नाही, हे तिला माहीत होतं. हे आपलंच आहे, हेही तिला माहीत होतं. गटार, हात, चीक. एक वर्षापूर्वी, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून.

खाली चाळीस अंगठे होते. मग ज्योत्स्ना : ‘खरं बोललात, उर्मिलाताई. वास मी वर्षानुवर्षं सहन करतेय.’ मग चेअरमन पाटणकर : ‘प्लांटचा अहवाल स्वच्छ आहे. अशा बोलण्यानं फ्लॅटचे भाव पडतात. भाड्यानं राहणाऱ्यांना त्याचं काय?’ मग भालचंद्र मगदूम : ‘काही लोकांना सरकारी नोकऱ्या कशा मिळतात हे आपण सगळे जाणतो. तिथल्या तपासणीवर किती भरवसा ठेवायचा, ज्याचं त्यानं ठरवावं.’ त्यावर पन्नास अंगठे. महापालिकेच्या सूचनेवर पाटणकरांनी मग सोसायटीच्या वतीनं कळवलं होतं की, रहिवाशांची तक्रार नाही.

जात कुणी काढली नव्हती. तेवढं शिक्षण सगळ्यांचं झालं होतं.

उर्मिलानं खासगी निरोप उघडले. संघमित्राचा होता : ‘ताई, ग्रुपवर जे लिहायचं ते लिहा. केतकीला मात्र उकळलेलंच पाणी द्या. मी वर येऊन सांगते.’ आणि उत्तर : ‘तुझ्या भावना पोचल्या. केतकीची अवस्था नाजूक आहे, तेव्हा तू सध्या घरी न आलेलं बरं. गैरसमज नसावा.’

तिनं फोन उलटा करून बाकावर ठेवला. ती बेसिनपर्यंत गेली. नळ सोडला. ओंजळीत पाणी घेतलं आणि ते तोंडाला न लावताच सोडून दिलं.

*

निनाद पुण्यात ‘ओसरी’सारखीच ॲप बनवणाऱ्या कंपनीत काम करायचा. ही नव्हे, दुसरी. अतिदक्षता विभागाच्या बाहेर खुर्च्यांवर दोघं बसले होते. उर्मिलानं त्याला फोन दाखवला.

“निनादराव, मी हे पाठवलं नाही. कधीच नाही. एकदा लिहिलं होतं, त्याच क्षणी पुसलं. पुसलेलं याला कुठून मिळालं?”

तो बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, “आई, ॲपचा कीबोर्ड पहिल्यापासून सगळं बघतो आणि साठवतो. तुम्ही काय लिहिता, कुठे थांबता, काय पुसता. पाठवलेलं तेवढंच लिहिणं आणि पुसलेलं नाही, असा भेद त्याला नसतो.”

“पण पुसलं म्हणजे नको होतं म्हणून ना?”

“तुमच्या लेखी. सुरुवातीला या यंत्रांना फक्त पाठवलेले मेसेज शिकवले होते. तेव्हा ती शुभेच्छापत्रांसारखी बोलायची. लोक म्हणायचे, हा काही मी नाही. मग कुणीतरी पुसलेला मजकूर घालून पाहिला. लोक एकदम खूश. म्हणाले, हा खरा मी.” त्यानं डोळे चोळले. “आणि त्याला पुरावाही आहे. माणूस पुढे कुणाकडे जेवायला जाईल, कुणाच्या दुकानातून घेईल, कुणाला टाळेल, हे पाठवलेल्या वाक्यांवरून नीट सांगता येत नाही. पुसलेल्यांवरून येतं. म्हणून त्यांना वजन जास्त. आमच्याकडेपण तसंच करतात. मीपण केलंय.”

“आणि बाकीचे? ज्योत्स्ना? हे?”

“तुमच्या आवाजानं एक वाक्य टाकलं. ते ज्याच्या ज्याच्या पुसलेल्या मजकुराशी जुळलं त्याच्या आवाजानं अंगठा दिला. अंगठे मिळाले की यंत्र समजतं, इथे हे बोललेलं चालतं. मग प्रत्येकाच्या तळातून त्याच जातीचं काहीतरी वर येतं. माणसांचंही असंच होतं, आई. एक बोलला की दुसऱ्याला धीर येतो. फक्त माणसांना त्याला वर्षं लागतात. मधे कुणी लाजतं, कुणी विषय बदलतं, कुणाचं दूध उतू जातं. यांचं दूध उतू जात नाही.”

“म्हणजे चाळीस जणांनी तसं लिहून पुसलं होतं?”

निनादनं फोन तिच्या हातात परत दिला.

केतकी वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती.

घरी आणल्यावर केतकी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. उर्मिलानं फोन हातात घेतला तेव्हा ग्रुपवर शोकसंदेश येऊन गेले होते. नव्वदच्या वर. ‘शब्द नाहीत’ असं म्हणून प्रत्येकानं तीन-चार ओळी लिहिल्या होत्या. सर्वांखाली उर्मिला मगदूम यांचं उत्तर होतं : ‘आपण सर्व कठीण प्रसंगी पाठीशी उभे राहिलात. मैत्रबन हे माझं दुसरं माहेर आहे. ऋणी आहे.’

तिनं आवाज बंद केला. बंद करताना ॲपनं विचारलं, तुम्हाला खात्री आहे का. खाली निरोपाचा एक सुंदरसा मजकूर तयार ठेवलेला होता.

*

सभा उर्मिलानं बोलावली. ग्रुपवर नाही, दारोदार जाऊन, बेल वाजवून. क्लब हाउसमध्ये माणसं जमली. बऱ्याच दिवसांनी समोरासमोर येत असल्यासारखी ती अवघडून बसली होती. सी इमारतीत आणखी अकरा जणांना कावीळ झाली होती, त्यातलं कुणी गेलं नव्हतं. संघमित्राला तिनं बोलावलं नाही. तिच्या देखत हे काढावं, एवढी उर्मिलाची छाती नव्हती.

पाटणकरांनी दोन मिनिटं उभं राहायला लावलं. मग म्हणाले, “दुःख मोठं आहे. पण मॅडम, दोष कुणाला द्यायचा? आपण कुणीच काही बोललेलो नाही. सगळं त्या यंत्रानं केलं.”

“मग यंत्र बंद करू या,” उर्मिला म्हणाली. “आणि संघमित्राची माफी मागू या. ग्रुपवर नको. तिच्या दाराशी जाऊन, सगळ्यांनी.”

“यंत्र बंद कसं करणार?” मागून कुणीतरी म्हणालं. “पार्किंगचा विषय चालू आहे. माझा आवाज बंद झाला तर माझी जागा जाईल.”

ज्योत्स्नानं उर्मिलाच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमचं फार वाईट झालं, उर्मिलाताई. पण मनाला लावून घेऊ नका. माफी कशाची? आपल्यापैकी कुणी वाईट नाही हो. मी तर ते वाचलंसुद्धा नव्हतं.”

“आता वाचलंस?”

“वाचलं.”

“कसं वाटलं?”

ज्योत्स्नानं हात काढून घेतला. “आता खरं सांगायचं तर... वासाचं काही खोटं नव्हतं. फक्त मी असं बोलले नसते.”

दोन-तीन माना हलल्या. उर्मिलाला ते दिसलं. दोन महिन्यांपूर्वी हे त्यांचं मत नव्हतं. मनात पडलेला केर होता, रोज झाडला जाणारा. यंत्रानं तो उचलून सभ्य वाक्यात बसवला, त्याला चाळीस अंगठे दाखवले, आणि आता तो त्यांचं मत झाला होता. ते त्याची बाजू घेत होते.

ती उभी राहिली. “मी लिहिलं होतं. गेल्या वर्षी, वाळवणाच्या आदल्या दिवशी. संघमित्राचे हात दिवसभर गटारात असतात, त्या हातांचा चीक नको. हे माझं वाक्य. मी पुसलं होतं, पण लिहिलं मीच. आता माझ्या तोंडानं सांगतेय. तुम्ही काय काय लिहून पुसलं होतं, सांगा.”

पंखे फिरत होते. भालचंद्र चपलांकडे पाहत होते.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “नोकरीचं ते तुमचं ना?”

“घरी बोलू,” भालचंद्र म्हणाले.

“मॅडमची मनःस्थिती ठीक नाही,” पाटणकर हळूच म्हणाले. “साहजिक आहे.” आणि मग त्यांनी विषय ठरावाकडे नेला. नळीची दुरुस्ती तातडीनं करावी. ठराव ग्रुपवर टाकला गेला. सभेतली माणसं अजून खुर्च्या उचलत होती, तेवढ्यात त्यांच्या खिशांतून फोन किणकिणू लागले. ठराव एकमतानं मंजूर झाला होता. खाली उर्मिलाताईंना धीर देणाऱ्या ओळी येत होत्या. त्या लिहिणारी माणसं तिच्या समोरून, तिच्याकडे न पाहता, दाराबाहेर पडत होती.

*

संघमित्राच्या दारात खोकी रचलेली होती. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता.

उर्मिला जिन्यात थांबली. आधी निरोप पाठवावा असं वाटून तिनं फोन काढला. ‘मा’ एवढं लिहिताच कीबोर्डनं पुढची तीन वाक्यं सुचवली. चांगली होती. तिनं फोन जिन्यातल्या कुंडीच्या काठावर ठेवला आणि बेल वाजवली.

संघमित्रानं दार उघडलं. आत या म्हणाली नाही.

“केतकी कशी आहे?”

“उठून बसते. बोलत नाही.”

“जेवण?”

“पेज घेते.”

संघमित्रानं मान हलवली.  बोलताना मागे जाऊन पुसता येत नाही, हे उर्मिलाला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट जाणवलं.

“तो मेसेज मी पाठवला नव्हता. तू वर येऊ नकोस म्हणून.”

“माहीत आहे. आवाज होता. मला दुसऱ्या दिवशी कळलं.”

“पण ग्रुपवरचं ते... गटाराचं... ते मी लिहिलं होतं. आधी कधीतरी. आणि पुसलं होतं.”

“तेपण माहीत होतं.”

“कसं?”

“माझा पेला वेगळा होता ना, ताई.” ती शांतपणे बोलत होती, प्रयोगशाळेतला निष्कर्ष सांगावा तशी. “तुमच्या मनात काय आहे, ते मला नऊ वर्षं ठाऊक होतं. ज्योत्स्नाताईंच्या मनातलंपण. पण तुम्ही ते गिळत होता. गच्चीवर बोलवत होता. रोज थोडं गिळायचा, रोज थोडं पुसायचा. मला वाटायचं, हेही काही कमी नाही. घाण प्रत्येक घरात असते. म्हणून तर तिची नळी वेगळी टाकतात. त्या भरवशावर मी इथे राहिले.”

उर्मिला रडू लागली. संघमित्रानं तिला थोडं रडू दिलं.

“त्या दिवशी मी जिन्यापर्यंत आले होते,” मग ती म्हणाली. “तुमच्या मजल्यापर्यंत. बेलवर बोट ठेवलं होतं. तेवढ्यात ते उत्तर आलं, आणि मला राग आला. वाटलं, बघा मग तुमचं तुम्ही. गेटपाशी तुम्ही हाक मारली, तेव्हा तर मला माहीत होतं ते यंत्र होतं. तरी बोलले नाही. ग्रुपवरचं डोक्यात होतं. एक वाक्य लागलं असतं, ताई. पोरीला पाणी उकळून द्या.” तिनं दाराची कडी उगीच एकदा वरखाली केली. “ते माझं आहे. ते मी घेऊन जाते. तुमचं तुम्ही ठेवा.”

“पुढच्या उन्हाळ्यात...” उर्मिला म्हणाली. “जिथे असशील तिथून... गच्चीवर येशील?”

संघमित्रानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ होते, नखं बारीक कापलेली, साबणानं बोटांची टोकं पांढरी पडलेली.

“नाही,” ती म्हणाली.

उर्मिला वळली. दोन पायऱ्या चढली तेव्हा मागून आवाज आला.

“ताई, पाणी अजून उकळूनच प्या. मी काल पुन्हा नमुना घेतला. नळी बदललेली नाही. नुसती वरून माती टाकलीय.”

वर येऊन उर्मिलानं मोठं पातेलं काढलं, नळाखाली भरलं आणि गॅसवर चढवलं. केतकी आत भिंतीकडे पाहत होती. पाण्याला कढ येईपर्यंत उर्मिला ओट्याशी उभी राहिली. बाहेरच्या खोलीत भालचंद्रांचा फोन किणकिणला. त्यांनी चार ओळी वाचल्या आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात, जरा हायसं वाटून सांगितलं, “अगं, नळी बदलली म्हणतायत. सगळ्यांचं तेच मत आहे.”